पत्ता सांगा पाहू!

मुलांनो, तुमचा पत्ता काय? थांबा, पाकिटावर लिहितात तो नको. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड हे तर तुम्हां सगळ्यांना पाठच असते. समजा, एक नवा मित्र तुमच्या घरी खेळायला यायचा आहे आणि नाक्यावर उभा राहून विचारतो आहे, "कुठून येऊ रे?" त्याला तुम्ही काय सांगाल? "पिठाच्या गिरणीवरून आत ये. उजव्या हाताला हापसा लागेल. हापशाच्या पुढं चिंच, आणि चिंचेसमोर निळं दार." असंच ना? मग हाच तुमचा खरा पत्ता. पाकिटावरचा पत्ता पोस्टमनसाठी, आणि हा पत्ता आपल्या माणसांसाठी!

मी कशेळ्याला प्राथमिक शाळेत शिकवते. कशेळे म्हणजे कर्जत तालुक्यातले नाक्याचे गाव. इथून एक रस्ता कर्जतला जातो, एक नेरळला, एक मुरबाडकडे, आणि एक खांडसला, जिथून लोक भीमाशंकरचा डोंगर चढतात. मतदार यादीचे काम आले की आम्ही शिक्षक कागद घेऊन घरोघर फिरतो. प्रत्येक घराला ग्रामपंचायतीचा नंबर असतो, घरपट्टीच्या पावतीवर तो छापलेलाही असतो. पण वाडीत जाऊन "घर नंबर अमुक कुठं आहे?" असे विचारून पाहा बरे. कुणालाच सांगता येत नाही! "फणसाखालचं घर" म्हणा, "विहिरीवरचं" म्हणा, की लगेच एखादा चिमुरडा "चला बाई, मी दाखवतो" म्हणत पुढे पळत सुटतो. एका वाडीत मला "जांभळीपाशी जा" असे सांगितले. मी पुढे गेले, मागे आले, जांभळीचे झाड काही दिसेना. चौकशी केली तेव्हा कळले की ते झाड २०२० साली जूनमध्ये आलेल्या निसर्ग वादळात पडले. झाड गेले, पण पत्ता राहिला! गंमत आहे की नाही?

जागेला नाव कसे पडते, कोण ठेवते आणि ते किती वर्षे टिकते, याचा मला नाद लागला तो इथेच. म्हणून मागच्या दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला जायचे ठरले, तेव्हा मी समुद्राच्या आधी पणजीच्या जुन्या गल्ल्या पाहायच्या असा बेत केला. सोबत होती माझी सातवीतली भाची. तिचे तोंड लगेच वाकडे झाले. "मावशी, गोव्याला जाऊन गल्ल्या कोण बघतं?" शेवटी आमचा करार झाला. सकाळ माझी, संध्याकाळ तिची. सकाळी गल्ल्या, संध्याकाळी मिरामारचा समुद्र.

एसटीने पनवेल गाठले. तिथून मांडवी एक्स्प्रेसने कोकणातले बोगदे मोजत मोजत संध्याकाळी करमळी स्टेशनवर उतरलो आणि पणजीला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बाहेर पडलो. पणजीच्या बसस्थानकाकडून निघाले की एक लहानशी खाडी लागते. ती ओरेमची खाडी. पूल ओलांडून पलीकडे पाऊल टाकले आणि भाची एकदम थांबलीच. पिवळे घर, त्याला चिकटून निळे, त्याला चिकटून विटकरी. लाल कौले, लाकडी दारे, रस्त्यावर झुकलेले छोटे छोटे सज्जे आणि सज्ज्यांत फुलांच्या कुंड्या. समोरून एखादी मोटार आली तर भिंतीला पाठ लावून उभे राहावे इतक्या अरुंद गल्ल्या. "मावशी, हे फॉरेन आहे!" ती म्हणाली.

फॉरेन नव्हे हो. हा पणजीतलाच जुना भाग. नाव फोंतेन्यास. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ 'लहान झरे'. मागे आल्तिनो नावाची टेकडी आहे, तिच्या पायथ्याशी झरा आहे, म्हणून हे नाव. गोव्यातले लोक या भागाला 'मळो' असेही म्हणतात, म्हणजे आपला मळाच! इथे पूर्वी खरोखरच नारळाची बाग होती. सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी ही बाग आंतोनियो जुआंव द सिक्वेरा नावाच्या गृहस्थांनी वसवायला घेतली. ते आफ्रिकेतल्या मोझांबिकमध्ये पैसा कमावून आले होते, म्हणून लोक त्यांना 'मोसमीकार' म्हणत. आपल्याकडे नाही का कुणी दुबईला जाऊन आला की गावात त्याला 'दुबईवाला' म्हणतात? अगदी तसेच!

त्या काळी गोव्याची राजधानी मांडवीच्या काठी वरच्या अंगाला होती. आज तिला जुने गोवे म्हणतात. मोठे वैभवाचे शहर होते, पण रोगाच्या साथींनी ते हैराण झाले. माणसे शहर सोडून जाऊ लागली. १७५९ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय पणजीला राहायला आला, आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. माणसे आली की घरे आली, घरे आली की गल्ल्या आल्या. नारळाच्या मळ्यात असे गाव उभे राहिले. म्हणजे बघा, 'फोंतेन्यास' या नावात झरा आहे, 'मळो' या नावात बाग आहे, आणि 'मोसमीकार' या नावात आफ्रिकेचा प्रवास आहे. अजून आम्ही चार पावलेसुद्धा चाललो नव्हतो!

गल्लीच्या तोंडाशी भिंतीत पांढऱ्या फरश्या बसवल्या होत्या. त्यांवर निळ्या रंगात नाव आणि कडेने नक्षी. या चकचकीत रंगीत फरशांना पोर्तुगीज भाषेत 'आझुलेजो' म्हणतात. हा शब्द मुळात अरबी. तो अरबी भाषेतून पोर्तुगालात गेला आणि तिथून जहाजात बसून गोव्याला आला. फरशीवर लिहिले होते 'रुआ'. रुआ म्हणजे रस्ता. एवढे कळल्यावर भाचीला जोर चढला. ती प्रत्येक कोपऱ्यावर धावत जाऊन रस्त्यांची नावे वाचू लागली. ओरेमच्या खाडीकाठचा तो रुआ दे ओरेम. आणि एका ठिकाणी ती अडखळली. "मावशी, इथं नाव लिहायचं सोडून तारीख लिहिलीय. रुआ ३१ दे जानेरो!"

जानेरो म्हणजे जानेवारी. रस्त्याचे नावच 'एकतीस जानेवारी'! असे का? १८९१ साली ३१ जानेवारीला पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात राजाची सत्ता उलथून लोकांचे राज्य आणावे म्हणून उठाव झाला होता. तो फसला. पण पुढे १९१० साली तिथले राजेपद खरोखरच गेले, आणि उठावाची तारीख रस्त्यांच्या नावांत जाऊन बसली. ज्या पोर्तुगालने आपल्या देशात राजा नको म्हटले, त्याने गोव्यावरचे राज्य मात्र सोडले नाही बरे का!

आता याच पणजीत आणखी एक तारखेचा रस्ता आहे. दुकानांनी गजबजलेला, मोठा. त्याचे नाव 'अठरा जून रस्ता'. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी मडगावला सभेची बंदी मोडली, त्यांना अटक झाली, आणि गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याला नवे तेज चढले. पुढे १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. एका रस्त्यावर राज्यकर्त्यांची तारीख आणि एका रस्त्यावर त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेल्यांची तारीख. एकाच शहरात, चालत जाता येईल इतक्या अंतरावर! इतिहासाच्या पुस्तकाची दोन पाने कुणीतरी रस्त्यावर चिकटवून ठेवली आहेत असेच वाटले.

सुट्टीनंतर हे मी वर्गात सांगितले आणि विचारले, "आपल्या कशेळ्याच्या रस्त्याला तारखेचं नाव द्यायचं झालं, तर कोणती तारीख द्याल?" एक मुलगा पटकन म्हणाला, "दोन जानेवारी!" शाबास! कारण आमच्याकडून मुरबाडच्या दिशेला सिद्धगड आहे. १९४२ च्या लढ्यात माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून इंग्रज सरकारला जेरीस आणले होते. त्याच सिद्धगडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले. आमची मुले ही गोष्ट आजोबांच्या तोंडून ऐकत मोठी होतात. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र वेगळेच बोलली. "बाई, आमच्या वाडीच्या रस्त्याला लाइट आली त्या दिवसाचं नाव द्या." सगळे हसले. मी मात्र तेही फळ्यावर लिहिले. तिच्या वाडीसाठी तीच मोठी तारीख, नाही का?

चला, पुन्हा पणजीच्या गल्लीत जाऊ. आता जरा घरांकडे पाहू. ही घरे चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. दगड भोके भोके असलेला, पाणी पिणारा. म्हणून भिंतीला बाहेरून चुन्याचा गिलावा. गोव्यातला पाऊस आपल्या कर्जतच्या पावसासारखाच, कोसळायला लागला की थांबायचे नाव नाही. चार महिन्यांत रंग उडतो, शेवाळ चढते. पोर्तुगीजांच्या काळात पावसाळा संपला की प्रत्येकाने घर रंगवायचेच असा दंडक होता, आणि पांढराशुभ्र रंग फक्त चर्चसाठी राखलेला असे, असे सांगतात. म्हणून मग घरांना पिवळा, निळा, तांबडा. आपण दिवाळीआधी भिंतीला चुना लावतो आणि पाऊस सरला की अंगण चोपून शेणाने सारवतो, ते तरी दुसरे काय असते? पावसाने नेलेले रूप आपण परत आणतो.

एका जुन्या खिडकीपाशी आम्ही बराच वेळ उभ्या राहिलो. तिच्या लाकडी चौकटीत काचांच्या जागी छोटे छोटे चौकोनी शिंपले बसवले होते! खाडीत मिळणारा हा एक चपटा, कागदासारखा पातळ शिंपला. काच महाग आणि दुर्मिळ होती तेव्हा लोक तो कापून खिडकीला लावत. त्यातून बाहेरचे दिसत नाही, पण उजेड आत येतो. तोही कसा, दुधासारखा मऊ. ऊन आत येते, पण त्याची धग बाहेर राहते. हाताशी जे आहे त्यातून सोय करायची हे शहाणपण आमच्या वाडीतल्या कारवीच्या कुडातही आहे. कारवीच्या काठ्या, वरून माती आणि शेण. वारा खेळतो आणि घर थंड राहते. शिंपल्याच्या खिडकीचे लोक फोटो काढतात आणि कारवीच्या भिंतीला गरिबी म्हणतात. मला काही हे पटत नाही. तुम्हांला पटते का?

काही घरांच्या दारांशेजारीही फरश्या होत्या. कुठे घराण्याचे नाव, कुठे फुले, कुठे ऐटबाज कोंबडा. ते पाहून मला प्राग शहराची आठवण झाली. मी तिथे गेलेले नाही हं, पुस्तकांतून आणि चित्रांतूनच ते पाहिले आहे. प्राग ही झेक देशाची राजधानी. युरोपच्या मध्यावर, व्ल्तावा नदीच्या काठी. तिथेही अशाच चढउताराच्या गल्ल्या, लाल कौले, रंगीत भिंती. पण मला आवडते ती तिथल्या पत्त्यांची गोष्ट. पूर्वी तिथल्या घरांना नंबर नव्हते. त्याऐवजी दारावर चित्र असे. तीन व्हायोलिने, दोन सूर्य, सोन्याचा नाल. "कुठं राहता?" "तीन व्हायोलिनांपाशी!" आणि त्या घरात खरोखरच व्हायोलिने बनवणारे कुटुंब राहून गेले. म्हणजे आमचे 'फणसाखालचं घर' आणि प्रागचे 'तीन व्हायोलिनांचं घर' ही सख्खी भावंडेच की!

मग १७७० साली मारिया थेरेसा राणीच्या राजवटीत घरांना नंबर घातले गेले. कशासाठी, माहीत आहे? सैन्यात भरती करता येतील अशी माणसे कुठे किती आहेत, ते मोजण्यासाठी. नंबर सरकारला हवा असतो, नाव शेजाऱ्यांना. तरी प्रागच्या लोकांनी जुनी चित्रे पुसली नाहीत. आजही त्या दारांवर चित्रही आहे आणि नंबरही आहे. तिथल्या 'दोन सूर्यांच्या' घरात एक मुलगा लहानाचा मोठा झाला. त्याचे नाव यान नेरुदा. पुढे तो लेखक झाला आणि आपल्याच गल्लीतल्या माणसांच्या गोष्टी लिहू लागला. दुकानदार, भाडेकरू, शेजारपाजारचे म्हातारे, त्यांची भांडणे, त्यांची दुःखे. १८७८ साली त्या गोष्टींचे पुस्तक निघाले. त्या रस्त्याला आज त्याचेच नाव आहे. त्याने गल्लीतल्या सुंदर दारांपेक्षा दारांमागच्या माणसांकडे जास्त लक्ष दिले. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

तेवढ्यात "पों पों, पों पों" असा भोंगा वाजला. सायकल आली. मागे मोठी टोपली, तिच्यावर जाड कापड. हा पदेर, म्हणजे पाववाला. भोंगा ऐकून दारे उघडली, सज्जातून एक पिशवी दोरीने खाली आली, पाव घेऊन वर गेली. गोव्यात पाव एकाच तऱ्हेचा नसतो बरे. कडक कवचाचा तो उंडो, कोंड्याच्या पिठाची चपटी ती पोळी, आणि बांगडीसारखे गोल कडक ते कांकण. पूर्वी पीठ फुगवायला नारळाची ताजी माडी घालत. पाव आणला पोर्तुगीजांनी, फुगवला गोव्याच्या माडाने! आम्हीही दोन पोळ्या घेतल्या. गरमागरम. चालता चालता कोरड्याच खाल्ल्या. भाची म्हणाली, "मावशी, आपल्याकडं सकाळी दूधवाल्याची किटली वाजते, तसंच हे." आता तिला गल्ली दिसायला लागली होती! नुसते रंग पाहिले की ते फॉरेन वाटत होते. पाववाल्याचा भोंगा ऐकला आणि ते कुणाचे तरी घर झाले.

हळूहळू ऊन वर आले आणि गल्ली बदलली. गाड्या आल्या, पाहुणे आले. बघता बघता पिवळ्या घरापुढे रांग लागली. कुणी त्या घराच्या पायरीवर बसून फोटो काढत होते, कुणी दाराच्या कडीला धरून, कुणी सायकल मधोमध आडवी लावून. एक जोडपे तर चक्क लग्नाचे कपडे घालून, सोबत फोटोग्राफर आणि दिवे घेऊन आले होते. आतल्या माणसाला बाहेर पडायचे होते. तो दार अर्धे उघडून उभा राहिला, फोटो संपायची वाट पाहत. आपल्याच दारात, आपल्याच घरातून बाहेर पडायला! गेल्या काही वर्षांत तिथल्या बऱ्याच घरांवर पाट्या लागल्या आहेत. इथे राहती घरे आहेत, फोटो काढू नका, आवाज करू नका. अशी पाटी आपल्या घरावर लावायची वेळ आली तर कसे वाटेल, याचा विचार करा.

जरा पुढे एका लहान घराच्या दारात एक आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर भाजी निवडायचे ताट. भाची थबकली. आजींनीच विचारले, "कितें पळयता गो?" काय बघतेस ग? भाचीने खिडकीकडे बोट दाखवले. मग काय, गप्पा सुरू झाल्या. त्यांचे कोंकणी, आमचे मराठी, आणि अडले की दोघींचे हिंदी. खिडकी त्यांच्या आजेसासूच्या वेळची. एक शिंपला फुटला तर तसा दुसरा बसवून देणारा माणूस आता सहजी मिळत नाही, असे त्या सांगत होत्या. गल्लीत पूर्वी किती मुले खेळत ते त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. आता कुणी पोर्तुगालला, कुणी मुंबईला, कुणाच्या घराचे गेस्ट हाउस झाले. निघताना मी विचारले, "आजी, एक फोटो काढू का?" त्यांनी ताट खाली ठेवले आणि मिस्कील हसल्या. "घराचो काड गो, म्हजो नाका!" घराचा काढ, माझा नको. आम्ही घराचाच काढला. आजी चौकटीत येणार नाहीत याची काळजी भाचीने घेतली.

मुलांनो, ती पाटी आणि ते आजींचे उत्तर माझ्या मनात घर करून राहिले, त्याला एक कारण आहे. आमच्या कशेळ्याकडेही पाहुणे येतात. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तर नाक्यावर गाड्यांची ही रांग लागते. कुणाला कोथळीगड चढायचा असतो, कुणाला धबधब्यात भिजायचे असते, कुणाचे नदीकाठी फार्महाउस असते. आमच्या कातकरी आणि ठाकर वाड्या मुंबईच्या माणसांना फार 'छान' दिसतात. मागे एकदा चौथीतल्या एका मुलीने मला विचारले, "बाई, ती लोकं आमच्या घराचा फोटो का काढतात? घर तर गळतंय." मी गप्प झाले. तिची आई दारात भांडी घासत होती, आणि एक गाडी थांबली, काच खाली झाली, फोटो निघाला, गाडी गेली. कुणी खाली उतरले नाही, कुणी नाव विचारले नाही. त्या फोटोत तिची आई आहे. पण तो फोटो कुठे गेला, कुणी पाहिला, त्याखाली काय लिहिले, हे तिला कधीच कळणार नाही.

म्हणजे पणजीच्या आजी आणि आमच्या वाडीतली ती आई, दोघींचे दुखणे एकच! एकीचे घर रंगीत, दुसरीचे कुडाचे. पण पाहणाऱ्याने दोन्हींचा देखावा केला. नेरुदाने माणसे पाहिली, म्हणून गल्ली मोठी झाली. आपण नुसती दारेच पाहिली तर?

याचा अर्थ पाहुणे वाईट असा मात्र मुळीच नाही हं. वर्गात यावर आमचा चांगला तासभर वाद झाला. एक मुलगा म्हणाला, "बाई, पाहुणे येऊच नयेत." लगेच दुसरा उठला. "मग माझी आई मक्याची कणसं कुणाला विकणार?" त्याची आई रस्त्याला कणसे भाजते. कुणाचे वडील पाहुण्यांची रिक्षा चालवतात, कुणाची ताई फार्महाउसवर स्वयंपाक करते, कुणी उन्हाळ्यात करवंदांचे द्रोण घेऊन नाक्यावर उभे राहते. पाहुण्यांच्या पैशांवर कितीतरी चुली पेटतात. फोंतेन्यासमध्येही तसेच आहे. जुने घर सांभाळायचे म्हणजे खर्च. दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या तर कौले बदलता येतात. हे खरेच आहे. पण सगळीच घरे पाहुण्यांची झाली, तर सकाळी पदेराची सायकल कुणासाठी थांबायची? दोरीने पिशवी कोण खाली सोडणार? आणि मग पाहुणे तरी काय पाहायला येणार? प्रागच्या जुन्या भागातही हाच प्रश्न पडला आहे. कितीतरी घरे प्रवाशांना भाड्याने देण्यासाठी रिकामी झाली आणि शेजार विरळ झाला.

शेवटी आमच्या वर्गाने एक पाटी तयार केली. पुठ्ठ्यावर, रंगीत खडूने. 'फोटो काढू नका' असे लिहायला मुलांना आवडेना. "तसं लिहिलं तर ते रागावून जातील, बाई." खूप खोडाखोड झाली आणि अखेर हे ठरले :

'पाहुणे, या! गाडीतून खाली उतरा. आधी नाव विचारा, मग फोटो विचारा. कणीस खा, पण कचरा घेऊन जा. आमच्या गावाचं नाव कशेळे.'

शेवटचे वाक्य त्या चौथीतल्या मुलीने सुचवले. ती म्हणाली, "त्यांना सगळं कर्जतच वाटतं!" पाटी पावसात टिकणार नाही हे आम्हांला ठाऊक आहे. ती दरवर्षी पावसाळ्याआधी नव्याने रंगवायची, असे आम्ही ठरवले आहे. गोव्याच्या घरांसारखी!

आणि हो, करार पाळला बरे का. संध्याकाळी मिरामारला गेलो. भाची लाटांत मनसोक्त भिजली. परत येताना आम्ही मुद्दाम अठरा जून रस्त्यावरून आलो. दुकानांच्या झगमगाटात तिने नावाची पाटी शोधून काढली आणि मला मोठ्याने वाचून दाखवली.

आता तुमची पाळी. पुढच्या सुट्टीची वाट पाहू नका आणि तिकीटही काढू नका. येत्या रविवारी सकाळी वही-पेन्सिल घेऊन आपल्याच आळीतून, गल्लीतून, वाडीतून एक फेरी मारा. मोबाइल घरी ठेवा. पाच जागांची नावे लिहून आणा, पण सरकारी नकाशात असतात ती नव्हेत, लोकांच्या तोंडी असतात ती. 'भुताचा आंबा', 'जुनी चावडी', 'लोहाराचं वळण' अशी. मग घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी बसा आणि त्यांतल्या एकेका नावाची गोष्ट विचारा. एखादे झाड पडले असेल, एखादी चावडी मोडली असेल, पण नाव शिल्लक असेल. ते नाव सांगणारी माणसेही नेहमी असणार नाहीत, म्हणून घाई करा. आणि परगावी कधी गेलात, तर तिथल्या आजींना हाच प्रश्न विचारा. बघा, फोटो न मागताही त्या तुम्हांला बसायला खुर्ची देतात की नाही!

पाचांपैकी सर्वांत मजेशीर नावाची गोष्ट संपादकांच्या पत्त्यावर पत्राने पाठवा. पाकिटावर तुमचा पिनकोडचा पत्ता लिहा, आणि आत, सुरुवातीलाच, तुमचा खरा पत्ता. म्हणजे चिंचेसमोरचे निळे दार!